एका माणसापुरतं सूप

दामूकाकांना तुम्ही काहीही सांगा, ते आधी एकच गोष्ट विचारतात. "मानसं किती?"

मी बारावी पास झाले तेव्हा त्यांना पेढा द्यायला गेले होते. त्यांनी पेढा हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं. वर्गात मानसं किती?" मी बासष्ट सांगितले. त्यांचे डोळे बारीक झाले, ओठ हलायला लागले. मला वाटलं, बासष्टांत माझा नंबर कितवा असेल याचा विचार करताहेत. जरा वेळानं म्हणाले, "बासष्टले सहा किलो तांदूळ. नाही, कॉलेजाचे पोट्टे हायेत, आठ लागन."

काका आचारी आहेत. अनसिंगला त्यांचं आणि आमचं घर लागून आहे, मधली भिंत एकच. आजूबाजूच्या गावांत लग्न असो, तेरवी असो, देवळातला भंडारा असो, वांग्याची भाजी आणि रोडगे दामूकाकांच्याच हातचे. त्यांच्या ओसरीत मोठमोठी पातेली उपडी घातलेली असतात. त्यातल्या सगळ्यात लहान पातेल्याला ते कपबशी म्हणतात. त्या कपबशीत एक माणूस मांडी घालून आरामात बसेल.

काकांचा एक नेम आहे. ते स्वयंपाक चाखत नाहीत. भंडाऱ्याचं अन्न नैवेद्याआधी चाखलं तर उष्टं होतं, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं. काकांनी तोच नेम लग्नाला आणि तेरवीलाही लावून टाकला. मीठ मुठीनं पडतं. मग ते पातेल्याजवळ कान नेऊन उकळी ऐकतात, वास घेतात, झाऱ्यावरून रस्सा कसा ओघळतो ते बघतात आणि म्हणतात, "हात सांगते, जिभेचं काय काम?" पंगती उठेपर्यंत त्यांची भूक मरून जाते, मग ते चहात रोडगा बुडवून खातात आणि घरी येतात. म्हणजे ज्या भाजीसाठी लोक लांबून येतात तिची चव त्यांना स्वतःला फारशी माहीतच नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

जेवून उठणारा प्रत्येक माणूस त्यांना "एक नंबर, काका" म्हणतो. एक माणूस सोडून. वच्छलाकाकू, त्यांची बायको. काकू बायकांच्या शेवटच्या पंगतीत बसतात. घरी आल्यावर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येतो.

"आज मीठ कमी होतं."

"पाचशे मानूस जेवलं. कोनी काही बोललं नाही."

"पाचशे मानूस फुकट जेवलं. थे कायले बोलन?"

यावर फक्त पातेलं सरकवल्याचा आवाज येतो.

घरच्या चुलीकडे मात्र काका कधी गेले नव्हते. दोन माणसांचा स्वयंपाक त्यांना जमत नाही, असं ते उघड सांगत. म्हणत, एवढंसं गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकलं का दिसतच नाही, मीठ टाकाचं कायच्यावर? गॅस, डबे, भांडी, सगळं काकूंच्या हातात होतं. मुलगा सुरतला कामाला, तो दिवाळीला येणार. दोघंच राहायची, पण काकू इतक्या बोलायच्या की ते घर कधी दोघांचं वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काकू न्हाणीजवळच्या धुण्याच्या दगडावर घसरल्या आणि हनुवटीवर पडल्या. जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले आणि सहा आठवडे तोंड उघडायचं नाही असं सांगितलं. जे काही द्यायचं ते पातळ, गाळलेलं, चमच्यानं गालाच्या कडेनं सोडायचं, आणि नंतर औषधाच्या गुळण्या.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडे काही ऐकू येईना. माझी आई दोनदा म्हणाली की घरात कोणी नसल्यासारखं वाटते.

काकू काही घेतच नव्हत्या. वरणाचं पाणी दोन चमचे, दूध चार चमचे, की वाटी डाव्या हातानं बाजूला सारायच्या. दुसऱ्या तपासणीला वजन चार किलो उतरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत असंच राहिलं तर भरती करू आणि नाकातून नळी टाकून अन्न देऊ. नळी म्हटल्यावर काकूंनी काकांचा सदरा पकडला. तो वाशीमच्या स्टँडपर्यंत सोडला नाही, असं काकांनीच मला सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

दवाखान्यातून मिळालेला आहाराचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच, त्यामुळे गल्लीतला कोणताही छापील कागद माझ्याकडे येतो, मला त्यातलं कळो न कळो. त्या यादीत बटाट्याचं सूप लिहिलेलं होतं. सूप मी एकदाच प्यायले होते, वर्गातल्या मैत्रिणीकडे, तेही टमाट्याचं. पण फोनवर शोधलं आणि भीत भीत वाचून दाखवलं. हजार माणसांना जेवू घालणाऱ्या माणसाला मी कृती सांगायची, याची मला लाज वाटत होती. दोन मध्यम बटाटे, एक लहान कांदा, लोण्यावर परतायचा, शिजवायचं, बारीक करायचं, दूध आणि साय घालायची, मीठ, मिऱ्याची पूड.

काका म्हणाले, "दोन आलू?"

"हो काका."

"दोन आलूनं तं हातही ओला होत नाही, पोरी. मानसं किती?"

मी म्हणाले, एक. काका माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी चुकीचा आकडा वाचला.

दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरून गल्लीत आले तर त्यांच्या अंगणात कपबशी चढलेली होती. खाली लाकडं, वर चार किलो आलू. काका रवीनं घुसळत होते. सूप झालं होतं छान, पांढरं, दाट, वरून सायीचा तवंग. पण सवयीनं त्यांनी शेवटी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली. ती मोहरी काकूंच्या तारांत जाऊन बसली. आई आणि मी तासभर विजेरी धरून, लहान मुलाच्या दातांच्या ब्रशानं एकेक दाणा काढत होतो. काकूंना बोलता येत नव्हतं, पण त्यांचे डोळे बोलत होते आणि ते काय म्हणताहेत ते मी इथं लिहू शकत नाही.

उरलेलं सूप गल्लीनं संपवलं. समोरच्या आजींनी त्यात भाकर कुस्करून खाल्ली आणि विचारलं, आलूची भाजी एवढी पातळ काहून झाली? तरीही जाताना सगळे काकांना म्हणाले, "एक नंबर."

मग काका खरोखर दोन आलूंवर आले. पहिल्यांदाच घरातल्या गॅससमोर उभे राहिले. काकूंच्या लहान पातेलीत झारा मावेना, म्हणून चहाच्या चमच्यानं ढवळायला लागले. मलमलच्या फडक्यातून गाळून घेतलं. सगळं झालं आणि हात मिठाच्या डब्यात गेला. तो हात मुठीचा. मूठ त्यांनी अर्धी उघडली, थोडं परत टाकलं, पुन्हा थोडं परत टाकलं. उकळी ऐकायला कान खाली नेला, तर एवढ्याशा सूपाची उकळी काय ऐकू येणार?

"तू चाख," काका मला म्हणाले. "तुले नेम नाही."

मी चाखलं. समुद्राचं पाणी मी प्यायलेले नाही, पण तसंच असावं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळ्या गावाला ज्यांनी जेवू घातलं त्यांना मी कसं सांगू? माझ्या तोंडून निघालं, "चांगलं झालं काका."

काकूंनी पहिल्याच चमच्याला वाटी सारली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मीठ इतकं कमी टाकलं की नुसता शिजलेला कागद लागत होता. मी पुन्हा म्हणाले, चांगलं झालं. काकूंनी पुन्हा वाटी सारली. तिसऱ्या दिवशी थोडं खारट, बाकी सगळं तेच. तपासणीला तीन दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. विचारलं, "खरं सांग. कसं झालं होतं?"

मी खाली बघत सांगितलं. पहिल्या दिवशी खारट, मग अळणी, आज पुन्हा थोडं खारट. मला वाटलं ते रागावतील. ते फक्त म्हणाले, "तूबी एक नंबरवाल्यातलीच निघाली, बह्याड." नंतर भिंतीकडे बघून म्हणाले, "मले सांगणारं एकच मानूस होतं."

सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी डोकावले. काकू स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर शाल, तोंड काकांकडे. काका गॅससमोर पाठमोरे. दूध घातलं, साय घोटून घातली, चिमटीनं मीठ टाकलं. चिमटीनं. मग त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि थांबले. चमचा इतका वेळ हातात राहिला की त्यातली वाफ संपली. मग तो त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

मी दारातच उभी राहिले. काकूंचाही हात शालीवर थांबला.

काकांनी अजून एक कण मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. वळले तेव्हा त्यांना आम्ही दोघी दिसलो आणि ते चोरी सापडल्यासारखे झाले. काकूंनी भुवया वर केल्या, बोटानं देवघराकडे दाखवलं. तुमचा नेम कुठं गेला, हे विचारायला बोलावं लागलंच नाही.

काका वाटीत सूप ओतत म्हणाले, "नेम देवासाठी हाय. देव काय, मीठ जादा पडलं तरी चुपचाप घेते. तू घेतं काय?"

काकूंनी त्या दिवशी वाटी सारली नाही. चमचा चमचा करत अर्धा तास लागला, पण सगळी संपवली आणि रिकामी वाटी उजव्या हातानं पुढे केली. माझी बस चुकली. मला त्याचं काही वाटलं नाही.

तपासणीला वजन अर्धा किलो वाढलेलं होतं. नळीचं नाव कोणी काढलं नाही. पुढचे सगळे दिवस काका सकाळ-संध्याकाळ दोन आलू सोलत होते, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतः चाखत होते. गल्लीत त्यांनी जाहीर करून टाकलं की सगळी गोम मिठात होती. दोन आलूंना तीन चिमटी आणि वर एक कण. किराणा दुकानात मीठ घेणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागलं.

तारा निघाल्या त्या दिवसापासून भिंतीपलीकडे पुन्हा सुरू झालं. सहा आठवड्यांचं साठलेलं होतं, आईनं दोन दिवस टीव्ही लावलाच नाही.

काही दिवसांनी मी काकूंसोबत अंगणात तूर निवडत बसले होते. मी म्हणाले, काकू, शेवटी मीठ बरोबर पडलं म्हणून निभावलं. काकू हसल्या. अजून त्या जपून, अर्ध्या तोंडानंच हसतात.

"कायचं मीठ, माय? गुळण्याच्या त्या औषधानं माही जीभ मेली होती. खारट का अळणी, मले काहीच समजत नव्हतं. सारी माती लागे."

मला कळेना. मग त्या दिवशी तुम्ही प्यायलात कशा?

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "लग्नाले अडतीस वर्सं झाली. या मानसानं देवाच्या आधी काही तोंडात घातलं नाही. त्या दिवशी माह्यासाठी घातलं. मंग माती लागो का काही लागो, मी पेली." मग ओसरीकडे बघून आवाज खाली केला. "त्याले सांगू नोको. त्याले वाटते मिठानं झालं. वाटू दे."

मी अजून सांगितलेलं नाही.

काका आता पुन्हा भंडाऱ्यांना जातात. तिथं नेम तोच आहे, मूठ तीच आहे, आणि रात्री घरी आल्यावर काकूंचं "आज मीठ कमी होतं" हेही तेच आहे. गेल्या महिन्यात धनजचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची सुपारी द्यायला आले. आजकाल लग्नात सूप ठेवतात, तुमच्या आलूच्या सूपाचं ऐकलं, तेही करा, म्हणाले. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते, पण कान तिकडेच होते.

"मानसं किती?" काकांनी विचारलं.

"चारशे धरा."

काकांनी डोळे बारीक केले नाहीत, ओठही हलवले नाहीत. सरळ मान हलवली.

"बाकी जे म्हणान थे करून देतो. पण सूप नाही जमत, भाऊ. थे मले एकाचंच येते."