शांतवनराव नक्की कुठल्या मंडळीचे?

शांतवनरावांना मी चोरी करताना पकडलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याची डबी ते हळूच बाजाच्या पेटीमागे सरकवत होते. मी दारातूनच ओरडले, "काय चाललंय?" दुसरा कोणी असता तर गडबडला असता. हे शांतपणे म्हणाले, "काही नाही कांबळेबाई, विसरायला मदत करतोय."

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. शाळेचा हॉल रविवारी तीन ख्रिस्ती मंडळ्यांना उपासनेसाठी देतात आणि किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे सहा वर्षं माझे रविवार त्यांच्यातच गेलेत. आठला मराठी मंडळी. नगर-जालन्याकडची माणसं, पेटी-तबल्यावर गाणारी, आठची उपासना साडेआठला सुरू करणारी. दहाला मल्याळी. ते पावणेदहालाच दाराबाहेर घड्याळ बघत उभे. बाराला हिंदीवाले, बहुतेक तरुण पोरं-पोरी आणि त्यांचा ड्रमसेट. देव एक, पुस्तक एक. पण जिन्यात समोरासमोर आले की एकमेकांना अशी वाट द्यायचे, जणू समोरून कोणी कपाट उतरवतंय. मी बौद्ध. मला हे बाहेरून बघायला जरा मजा यायची. आमच्या गल्लीतही जयंतीची तीन मंडळं आहेत, पण तो विषय इथे नको.

शांतवनराव खुर्च्या लावायचे. कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, वय सत्तरीचं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन रिक्षा बदलून सातला हजर, ते तिन्ही उपासना उरकूनच घरी. आठला मराठी गायचे. दहाला मल्याळमचं एक अक्षर कळत नसताना बरोब्बर जागी 'आमेन' म्हणायचे. बाराला पोरांबरोबर टाळ्या वाजवायचे, तालाच्या जरा मागून. "कळतं का काही?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "पाईप वेगळे असले म्हणून काय झालं? टाकी एकच आहे."

आता त्या डबीचं. हॉलमध्ये कोणी काही विसरलं, तर ते माझ्या कपाटात जमा करायचं असा शाळेचा नियम. शांतवनरावांचा नियम वेगळा. आठवाल्यांची छत्री राहिली की ती दहावाल्यांपैकी कोणाच्या तरी हातात ठेवायची. "तुमच्याच रस्त्यावर राहतात हो. जाता जाता देऊन टाका ना." अशी एक छत्री पोचवायला गेलेले मल्याळ्यांचे सेक्रेटरी मात्यू साहेब गायकवाडांकडे मटण-भाकरी जेवून अडीच तासांनी बाहेर पडले. बाराच्या गिटारवाल्या मुलीने आठच्या एका आजोबांची कवळी घरपोच केली. आजोबा तेव्हापासून तिच्यासाठी स्थळं बघतायत. पण माणसं पुरेसं विसरत नाहीत ही यांची तक्रार. म्हणून ती मदत.

"ही लबाडी चालते का तुमच्या देवाला?" मी त्या दिवशी विचारलं.

"देव काय वर बसलाय का बाई?" त्यांनी शर्टाच्या खिशावर बोट आपटलं. "हितं राहतो. माझ्यात राहतो, मात्यू साहेबांत राहतो, त्या ड्रम बडवणाऱ्या पोरातबी तोच. आत बसलेला एकच, तो काय स्वतःशीच अबोला धरणार?"

मी डबी जप्त केली आणि नियमाप्रमाणे कपाटात टाकली.

पुढे एका बुधवारी शांतवनराव मोरीत घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्याने कल्याणला हॉस्पिटलात नेलं आणि मला फोन केला. रविवारी मी तिन्ही मंडळ्यांना सांगितलं. तिन्हीकडे सारखीच हळहळ. तीन भाषांत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, बाराला तर ड्रमसकट. मी भेटायला गेले नाही. ज्याच्यामागे तीन तीन मंडळ्या आहेत त्याला माझी काय गरज, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी कल्याणला काम निघालं म्हणून डोकावले. पाय वजनाला बांधून टांगलेला, पण चेहरा हसरा. "सलाम कांबळेबाई! पहिल्याच आलात."

"आज पहिली?"

"नाही. पहिल्याच."

शेजारच्या घरून डबा तेवढा येत होता. बाकी दहा दिवसांत एक माणूस फिरकलं नव्हतं.

मी तडक व्हरांड्यात जाऊन तिन्ही मंडळ्यांना फोन लावले. मराठी मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, म्हणाले, "अहो, ते मल्याळ्यांच्यात असतात ना? आम्हाला वाटलं, तिकडून रीघ लागली असेल." मात्यू साहेब म्हणाले, "मॅडम, तो तर बारावाला माणूस आहे. टाळी वाजवते ना!" बाराचे तरुण पास्टर म्हणाले, "अंकल तो मराठीवाले हैं ना, मॅडम?" नाव तिघांच्याही सभासदांच्या वहीत नव्हतं. सहा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. आत येऊन मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते इतके हसले की टांगलेला पाय हलायला लागला. "म्हणजे मी कुठला ते कुणालाच कळलं नाही! जमलं की हो बाई!"

हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीलाच म्हणाले, "रोज चारला केस विंचरून बसत होतो. कुणीतरी येईल म्हणून."

मी सगळ्यांना तोंडावर उत्तर देणारी बाई. पण त्या तिघांना कुठल्या तोंडाने बोलणार? न येणाऱ्यांत मीही होतेच की.

दुसऱ्या दिवशी तिन्ही उपासनांत मी स्टेजवर चढले, सहा वर्षांत पहिल्यांदाच. केस विंचरण्याचं तेवढं सांगितलं. "प्रार्थना पुरे झाली, भेटायची वेळ चारची आहे," म्हटलं आणि खाली उतरले.

चारला वॉर्डात तीस-चाळीस माणसं. मात्यू साहेबांच्या हातात केळ्याच्या चिप्सचा पुडा, गायकवाडबाईंच्या हातात सुपाचा डबा. दहावाल्या बायका आठवाल्यांच्या म्हाताऱ्यांना हात धरून जिना चढवत होत्या. तिन्ही पाळक खाली मान घालून खाटेच्या पायाशी.

सिस्टर धावत आली. "अरे, काय चाललंय? पेशंटचे नातेवाईक कोण?"

"आम्ही," सगळीकडून एकदम आलं. त्यात माझाही आवाज होता, हे मला नंतर कळलं.

"एवढे सगळे? दोघांनी थांबा, बाकीचे बाहेर!"

जागचं कोणी हललं नाही. शांतवनरावांनी चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"सिस्टर, असू द्या ना," ते चादरीतून म्हणाले. "अकरा दिवसांचे एकदम आलेत."