मेश्रामांना दिसलं नाही

आमच्या शेजारचे मेश्राम भाजीत मीठ बरोबर पडलं असेल तर तसं तोंडाने सांगत नसत. उजव्या हाताचं बोट ताटाकडे रोखत. म्हणजे 'आत'. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा माझी बायको घाबरून त्यांच्या ताटात झुरळ शोधायला लागली होती.

मेश्राम पाटबंधारे खात्यात होते, पण ते पगारापुरते. खरे ते बॅडमिंटनचे लाइन जज. पुण्यात कुठेही स्पर्धा असो, रेषेच्या टोकाशी खुर्चीवर ताठ बसलेले मेश्राम असायचेच. शटल आत पडलं की बोट रेषेकडे. बाहेर पडलं की दोन्ही हात आडवे पसरून "आऊट!" एकदा सोसायटीत माझी स्कूटर पार्किंगच्या पट्ट्याबाहेर दिसली, तर त्यांनी गॅलरीतून तिलाही आऊट दिलं. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं पोर दचकून उठलं आणि त्याची आई माझ्याशी भांडली.

तिसरी खूण म्हणजे दोन्ही तळहातांनी डोळे झाकायचे. अर्थ, मला दिसलं नाही. मग निकाल मुख्य पंचाने द्यायचा, आणि त्यालाही दिसलं नसेल तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा. चारचौघांत ही खूण करायला लोक लाजतात. मेश्राम बिनधास्त करत. एका अंतिम सामन्यात ऐन मोक्याला खेळाडूची पाठ मध्ये आली आणि यांनी डोळे झाकले. हॉल खवळला. संयोजक धावत आले, "अहो मेश्राम, काहीतरी सांगा!"

"काहीतरी सांगायला मी काय ज्योतिषी आहे? दिसलं नाही बाप्पा!"

हा 'बाप्पा' अमरावतीचा. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांनी तो सोडला नाही, उलट इथल्या खेळाडूंनीच तो उचलला. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. गेल्या वर्षी मेश्राम गेले, त्या दिवशी आमच्या जिन्यात चपला काढायला जागा नव्हती, आणि त्यातले निम्मे तर खेळाचे बूट होते.

पंचांना मिळणारं खाऊचं पाकीट त्यांनी हॉलवर कधीच फोडलं नाही. गार झालेला वडा आणि त्याला चिकटलेला पेढा घरी यायचा, एकुलत्या एका मुलीसाठी. ती मुलगी, प्रज्ञा, मोठी होऊन हिंजवडीच्या कंपनीत लागली. संध्याकाळी कंपनीची बस तिला कोथरूडला सोडायची, आणि घरी पाकीट तयार असायचं.

"बाबा, आमच्या कॅन्टीनमध्ये पिझ्झा मिळतो."

"मिळू दे. हा पंचाचा वडा आहे."

मग कंपनीने प्रज्ञाला अमेरिकेला बोलावलं, आणि तेही कायमचं. मी त्यांची शिडी परत करायला गेलो, तर घरात रणकंदन चाललेलं. मेश्रामवहिनी 'जायचं नाही' म्हणत होत्या, प्रज्ञा 'जाणारच' म्हणत होती. शेवटी प्रज्ञा वडिलांकडे वळली. "बाबा, आता तुम्हीच सांगा. इन का आऊट?"

मेश्रामांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

वहिनी भडकल्या. "काहून हो? पोरीच्या जन्माचा प्रश्न, अन् तुम्ही डोळे झाकून बसले? बघा हो भाऊजी, लोकांचे नवरे तोंड लपवतात, आमचे डोळे!"

मलाही तो पळपुटेपणा वाटला. मेश्राम मला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा मी स्पष्टच म्हणालो, "हे काही बरं नाही केलंत."

"कुलकर्णी साहेब, रेषेवर बसणाऱ्याने फक्त शटल पाहायचं असतं. मी पाहायला गेलो की मला तिची रिकामी खोलीच दिसते. 'नको जाऊ' म्हणालो असतो, तर ते माझ्यासाठी झालं असतं, तिच्यासाठी नाही. म्हणून निकाल पंचाकडे दिला."

"पंच कोण?"

"प्रज्ञाची आई. दुसरं कोण?"

पुढच्या रविवारी शेजारून जवस भाजल्याचा खमंग वास आला. वहिनी प्रज्ञाला बरोबर द्यायला चटणी करत होत्या, दोन मोठे डबे भरून. निकाल लागला होता.

प्रज्ञा निघाली त्या दुपारी मुंबईच्या विमानतळाकडे जाणारी कंपनीची गाडी गेटवर आली. तिच्यात आणखी दोघंजण होते, त्यामुळे निरोप गेटवरच. प्रज्ञा आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली आणि घाईघाईने गाडीत बसली. गाडी वळताना तिने खिडकीतून हात हलवला.

मेश्रामांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

वॉचमन हसला. त्याला ही खूण ओळखीची होती. पण सामन्यात क्षणभर डोळे झाकतात आणि हात खाली घेतात. मेश्राम हात काढीनात. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, मागून एक बस गेली, तरी हात तिथेच, आणि मनगटांवरून ओघळलेलं पाणी शर्टाच्या बाह्यांत उतरत होतं. मी वहिनींकडे पाहिलं. आता या नेहमीसारखा टोमणा मारतील, निदान वातावरण तरी हलकं होईल, असं वाटलं.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "मलाही नाही दिसलं बाप्पा."

नियमाप्रमाणे आता पॉइंट पुन्हा खेळायला हवा होता. मेश्रामांनी हात खाली घेतले, आणि दोघंही त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.