वानखडे सरांचं पोट आणि सोनाळ्याची एस.टी.

वानखडे सर स्वतःच्या पोटाशी बोलतात. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. शाळेची प्रार्थना संपली की बेंबीवर हात ठेवून विचारणार, "काऊन बे, आता काय झालं तुले?" मग डोळे मिटून दहा लांब श्वास. तोवर सातवीचा वर्ग अगदी शांत बसतो. गणिताची घाई कुणाला आहे?

रोहिणखेडच्या शाळेत आम्ही नऊ वर्षं सोबत शिकवतोय. मी इतिहास शिकवतो, पण सरांच्या आतड्यांचा इतिहास मला जास्त पाठ आहे. खामगावच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच मोटरसायकलवर नेलं, वाटेत सहा ठिकाणी थांबत. सगळ्या तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "आतडी चांगली आहेत, फक्त हळवी आहेत." सरांना आनंद व्हायचा सोडून रागच आला. "चांगली हायेत मंजे? मंग हे काय होऊन राह्यलं?"

डॉक्टरांनी औषधं थोडी दिली आणि कामं पुष्कळ. वेळेवर जेवण, सकाळी चालणं, पोटानं श्वास घेणं आणि काय खाल्लं, काय घडलं, पोट कसं राहिलं, हे रोज वहीत लिहिणं.

सरांनी लाल रेघा मारून वही आखली. ठेचा बंद केला. वऱ्हाडी माणसानं ठेचा सोडणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण महिन्याभरात वहीत भलताच गुन्हेगार सापडला. 'सोमवार: वरण-भात. पोट ठीक. मंगळवार: वरण-भात. केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. पोट बिघडलं.'

"मिरची बिचारी उगाच बदनाम झाली," सर म्हणाले. तरी ठेचा बंदच ठेवला.

मग चार वर्षं एस.टी.त पाय न ठेवलेला हा माणूस दर रविवारी एस.टी.नं फिरू लागला. आधी नुसतं मोताळ्यापर्यंत जाऊन परत. काही आठवड्यांनी नांदुरा, मग जळगाव जामोद. कुणाला भेटणं नाही, काही घेणं नाही. विचारलं तर म्हणत, "प्रॅक्टिस करून राह्यलो." कुणी म्हणालं सर प्लॉट पाहतायत. मी तर त्याहून वाईट काहीबाही बोललो, आता सांगायला लाज वाटते.

शेवटी एका रविवारी मी हट्टानं सोबत गेलो. प्रत्येक गाडीत सर दाराजवळच्या सीटवर, मांडीवर पिशवी. पिशवीत पाणी, साबण आणि एक जादा पँट. गाड्या बदलत आम्ही सोनाळ्याला उतरलो. सर स्टँडवरच्या बाकावर बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता वापस. इथूनच वापस जायचा तिसरा रविवार हाये हा." मग समोर बोट दाखवून म्हणाले, "अक्काचं घर त्या चक्कीच्या मागं हाये."

चार वर्षांपूर्वी ते इथंच अक्काकडे, भाच्याच्या लग्नाला निघाले होते. नांदुऱ्याच्या अलीकडे पोटामुळे गाडी थांबवावी लागली. शेतातून परत आले तेव्हा अख्खी बस खिडकीतून बघत होती. सर नांदुऱ्याहूनच माघारी फिरले आणि बहिणीला फोनवर सांगितलं, सुट्टी भेटली नाही. तेव्हापासून तिनं फोन करणं बंद केलं.

"मग खरं काय ते सांगून टाका."

"मोठ्या बहिणीले काय सांगू? संडासच्या भीतीनं तुह्या पोराच्या लग्नाले नाही आलो?" सर पोटाकडे बघत म्हणाले, "हे तयार झालं, सर. मीच नाही झालो."

समजूत घालणं मला जमत नाही, म्हणून मी त्यांची पिशवी उचलली आणि चक्कीकडे चालू लागलो. त्या पिशवीशिवाय सर दहा पावलंही जात नाहीत. "ओ सर, पिशवी! माही पिशवी!" करत ते मागोमाग आले.

चक्कीमागच्या ओट्यावर एक बाई गहू निवडत होती. तिनं वर पाहिलं. "काऊन रे भाऊ, वाट चुकला का?"

सरांनी बेंबीवर हात ठेवला. मी पिशवी ओट्यावर ठेवून परतीची गाडी पकडली.

सोमवारी सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. 'रविवार: अक्काच्या हातची भाकर, ठेचा. दोनदा घेतला. अक्का रडली. मी बी रडलो.' पुढची जागा कोरी होती.

"अन् पोट?" मी विचारलं.

"त्याले इचारायचंच राहून गेलं," सर म्हणाले आणि वर्गावर गेले.