शेपटी विरळ

राणीने आजही दाण्याला चोच लावली नाही. नर मेल्यापासून ही पांढरीशुभ्र, पंख्यासारख्या शेपटीची लक्का कबुतरी विद्याधर नगरच्या घराच्या गच्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिच्याशेजारी तसंच तोंड करून उमाकांतराव बसले होते. पक्ष्यांचे डॉक्टर सांगून गेले होते, "जोडीदार आणा, नाहीतर आशा सोडा."

जयपुरात लक्का नरांना तोटा नव्हता. तोटा होता तो उमाकांतरावांशी बोलणाऱ्या माणसांचा.

त्यांचा उभा जन्म बँकेच्या तपासणी विभागात, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. आणि कबूतरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीत अशी, की कुणीही फोटो टाकला की बाकीच्यांनी 'वाह जी वाह' लिहायचं. कबूतर एका डोळ्याने आंधळं असलं तरी 'नजर लाजवाब'. उमाकांतराव मात्र मुद्द्याचं लिहीत. 'मान आखूड.' 'पाय वाकडे, खुराक सुधारा.' त्यांच्या मते ही मदत होती. ज्याला मदत केली त्याने त्यांना ब्लॉक केलं, मग त्याच्या मेव्हण्याने केलं. शेवटी ग्रुपचे अ‍ॅडमिन दशरथजी यांच्या लाडक्या नराखाली त्यांनी लिहिलं, 'शेपटी विरळ. असा पक्षी वाढवणाऱ्याने हा छंद सोडावा.' दशरथजींनी त्यांना ग्रुपमधून काढलं, ब्लॉक केलं आणि पार खातीपुऱ्यापर्यंतच्या कबूतरवाल्यांकडून ब्लॉक करवलं.

"आता कुणापुढे तोंड वेंगाडू?" उमाकांतराव कळवळून म्हणाले.

"मी विचारते. मी आहे अजून ग्रुपवर," त्यांच्या पत्नी विभाताई म्हणाल्या.

"तुला कबुतरातलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर 'वाह जी वाह' लिहिते. सगळे दीदी म्हणतात मला!"

त्यांनी राणीची हकिकत ग्रुपवर टाकली. चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं : 'दीदी, पता भेजिए. मैं खुद नर लेकर आता हूँ. दशरथ.'

उमाकांतराव ताडकन उठले. "अगं, दारावर माझ्या नावाची पाटी आहे!"

"मग टॉवेल वाळत घाला तिच्यावर."

त्यांनी घातला.

दशरथजी टोपली घेऊन आले. "भाईसाहब का शुभ नाम?"

"हमारे में पती का नाम नहीं लेते जी," विभाताई लाजून म्हणाल्या. गॅसचा सिलिंडर आला की याच विभाताई 'उमाकांत!' म्हणून गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारत.

"वाह जी वाह, क्या संस्कार हैं!"

टोपलीतून तोच निघाला, विरळ शेपटीचा. सवयीने उमाकांतरावांनी आधी त्याचे पाय तपासले आणि ते थिजले. पायात तांब्याची रिंग, रिंगवर खिळ्याने कोरलेली वाकडी चांदणी. ती त्यांनीच कोरली होती. राणी घरात येण्यापूर्वी, एका जुन्या जोडीचं हे पिल्लू त्यांनी व्यापाऱ्याला दिलं होतं. तेव्हा त्याची शेपटी अजून फुटायची होती.

त्यांनी नराला खाली सोडलं. तो छाती फुगवून घुमला. राणीने मान वळवली. बराच वेळ तिने त्याला न्याहाळलं, मग पुढे होऊन बाजरीचा एक दाणा टिपला. मग दुसरा.

"देखा!" दशरथजी म्हणाले. "ऐसा प्यारा पंछी पूरे जयपुर में नहीं. जिसने इसे पाला, वो मिल जाए तो पाँव छू लूँ. आप पहचानते हैं ये निशान?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत उमाकांतरावांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. विभाताई खोकल्या. त्यांनी तोंड मिटलं.

"और ग्रुप में एक सड़ियल बुड्ढा बोलता है, इसको पालनेवाला शौक छोड़ दे! बताइए, ऐसे आदमी का क्या करें?"

राणी दाणे टिपत होती. उमाकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ब्लॉक ही ठीक है," ते म्हणाले.