देवरावकाकांची पितळी पट्टी

बंदुकीचा बार काढण्याआधी रानडुकरांना मोठ्याने सूचना देणारा माणूस मी एकच पाहिला. नागपूरच्या जरीपटक्यातले आमचे शेजारी, देवरावकाका. कुहीजवळच्या त्यांच्या धानात डुकरं शिरली की काका बांधावर उभे राहून ओरडायचे, "सरका गा! बार काढून राहिलो!" मग नळी आभाळाकडे, आणि नुसत्या दारूचा दणका. "त्यायलेही लेकरंबाळं असतेत," काका म्हणायचे.

बंदूक त्यांच्या वडलांच्या वेळची, ठासणीची. तोंडातून दारू भरायची आणि गजाने ठासायची. काका तिला 'बुढी' म्हणत.

यंदा बुढी त्यांच्या हातून दगडावर पडली. दस्त्याच्या बुडाला, खांद्याला टेकते ती लोखंडी पट्टी तडकली.

मी म्हटलं, "रबर लावून टाका, काका."

"काहून? बुढीले आता स्लीपर घालू का गा?"

मग पितळेचा शोध सुरू झाला. बाजारात दुकानदार विचारायचे, "कौनसी गाडी का पार्ट है, काका?" काका शांतपणे सांगायचे, "गाडी निंगाच्या आधीचा." शेवटी भंगारात जाड पत्रा सापडला. काकांनी तो कापला, तापवून वाकवला, कानशीने घासला. पट्टीला आतून दिव्याची काजळी फासायची, दस्त्यावर दाबायची, लाकडावर काळं उमटेल तेवढंच पटाशीने तासायचं. मग पुन्हा काजळी. या नादात काका एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नाकावर काळं घेऊन गेले. कोणी हसलं तर म्हणाले, "घाई केली तं फट राह्यते."

पण दस्ता त्यांनी चांगला बोटभर कापलेला पाहून मला राहवेना. काका ताडमाड उंच.

"तुम्हाला तोकडी होईल ही."

काकांनी घरात हाक मारली, "रेखा, ये वं बाई. खांद्याले लावून पाह्य."

रेखा त्यांची सून. काकांचा मुलगा तापाने गेला, तेव्हापासून शेती तीच पाहते. तिने पदर खोचला, बंदूक उचलली, गाल टेकवला.

"आता बरोबर बसते, मामाजी."

"रुतून तं नाई राहिली?"

"नाई."

तरी काकांनी बंदूक परत घेतली. पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तेवढी कड पुन्हा घासली.

"मले आता बांधावरचं दिसत नाई गा," कानशीवरची नजर न काढता ते मला म्हणाले. "लायसन तिच्या नावाचं झालं. एकटी जाते थे वावरात. मी सोबत जाऊन काय करू? डुक्कर कोणतं न् झुडूप कोणतं, थेच समजत नाई."

शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी बंदूक सुनेच्या हाती दिली. रेखा ती घेऊन आत गेली. काका तिथेच बसून राहिले, रिकामे हात लेंग्याला पुसत.