दुसऱ्या वाटीतले दात

“कोणी पाय हलवू नका बे! मामाचे दात पडले!”

बुलढाण्याच्या भाजीबाजारात ही आरोळी उठली आणि अख्खा बाजार एका पायावर उभा राहिला. खोटं सांगत नाही, देऊळघाटहून आलेल्या गाडीचे बैलसुद्धा खूर उचलून थांबले. किसनमामा वांग्यांचा हर्रास पुकारत होते. पहिली बोली झाली, दुसऱ्या बोलीला मामांच्या वरच्या कवळीने तोंडातून उडी घेतली ती थेट वांग्यांच्या डालीत. सापडली तेव्हा एका वांग्याला कडकडून चावलेली होती. वांगीवाला म्हणाला, “पाहा, दातायलेही पसंत पडले. वाढवा भाव!”

मामांनी कवळी धोतराला पुसली, तोंडात बसवली आणि तिसरी बोली अशी ठोकली की शेजारच्या पिंपळावरचे कावळे उडाले ते म्हणे शेगावातच उतरले.

किसनमामा माझे घरमालक. मी शाळामास्तर, त्यांच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहायचो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. राजधानी त्याआधीच नागपूरहून मुंबईला गेली होती, पण मामांच्या गळ्याला काही झालं नाही. थकला होता तो जबडा. कवळी केली तेव्हा ती अशी बसायची की ऊस सोलून खात. मग हिरड्या झिजत गेल्या आणि दात तोंडात पाहुण्यासारखे राहू लागले. बोलताना मामा आधी, दात मागून.

त्यावर मामांनी काय नाही केलं! कणकेची गोळी लावली, ती चहात विरघळली. विड्याचं पान दुमडून घातलं, ते बोलता बोलता चावून गिळलं. मग बाभळीचा डिंक लावला. कवळी अशी बसली की दोन दिवस निघेचना. मामा दोन दिवस हसऱ्या तोंडाने फिरले. एका मयतीलाही तसेच जाऊन आले.

“मामा, नांदुऱ्याले रहीमचाचाकडे काऊन जात नाही?” मी म्हणायचो. स्टेशनजवळ बसणारे रहीमचाचा म्हणजे साऱ्या पंचक्रोशीचा जबडा. मामांची कवळी त्यांच्याच हातची.

“गेलतो ना. म्हने आतून अस्तर लावून देतो, चार दिवस ठेवून जा. चार दिवस बिनदाताचा हर्रास करू काय बे मास्तर?”

पण वांग्याच्या प्रकरणानंतर अडते एकत्र आले. आठ दिवसांत दात घट्ट करा, नाहीतर हर्रास दुसऱ्याला देतो, असं त्यांनी मामांना तोंडावर सांगितलं. मामा घरी आले ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाला पाणी मागतानाही तीनदा पुकारायची सवय, तो संध्याकाळी उठून माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्यायला.

आता मजा अशी की मामांच्या भिंतीतल्या देवळीत वाट्या दोन होत्या. एकीत रात्री मामांचे दात भिजत. दुसरीत आणखी एक कवळी असायची, दिवसरात्र. दोन्ही वाट्यांचं पाणी मामा रोज सकाळी बदलत. गरम पाणी नाही, ऊन नाही, वर बशी झाकलेली. सगळ्या आळीला वाटायचं, ही जादाची. मी एकदा म्हणालोही, “मामा, हे दुसरे घाला की!”

“त्या वाटीले हात नाही लावाचा!” मामा असे कडाडले की माझ्या खोलीची दोन कौलं सरकली.

पण मी मास्तर. दुसऱ्याचं भलं करायची खोड हाडात. एका सकाळी मामा बाजारात गेले आणि मी ती कवळी रुमालात गुंडाळून नांदुऱ्याची मोटार गाठली. म्हटलं, चाचांकडून घासून बसती करून आणू, मामा चार दिवस तीच घालतील.

रहीमचाचांनी कवळी तळहातावर घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, ये किसनभाऊ के नहीं. भाभी के हैं.”

मी रुमालाची घडी घालू लागलो.

“एकच दिन लगाए. हिरडी में चुभते बोली. मैं बोला, पानी में रखो, सूखे तो टेढे हो जाते, फिर बैठते नहीं. आठ दिन से लाना, घिस के देतो.” चाचांनी चष्मा काढला. “आठ दिन में तो बीमारीच बढ़ गई. आईच नहीं.”

मामींना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी आळीत येण्याच्या आधीच.

परतीच्या वाटेवर मोटार जिथे जिथे थांबली तिथे तिथे मी उतरून रुमाल भिजवला. कंडक्टर म्हणाला, “काय मास्तर, मासोळी घेऊन चालले का?” मी रुमाल पुन्हा भिजवून गाडीत चढलो.

मामा अंगणात उभे होते. हातात रिकामी वाटी. मी कानांवर हात ठेवून तयारच होतो, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी रुमाल घेतला, कवळीवरून अंगठा फिरवून पाहिला. माठातलं पाणी वाटीत ओतलं आणि ती त्यात सोडली.

“चुकलं मामा,” मी म्हणालो. “उद्या तुमची कवळी देतो चाचाकडे. चार दिवस तुमच्या शेजारी उभा राहून मी पुकारतो, तुम्ही बोटं दाखवा.”

“हाव,” मामा म्हणाले.

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण जीभ माझी.

“पण मामा, सहा वर्सं झाले. आता हे कोनाले बसवाचे?”

मामांनी वाटीवर बशी झाकली.

“‘पान्यात ठेवजा’ म्हनली होती. ‘काढजा’ म्हनली नाही.”