गायकवाडभाऊंची साखर

गायकवाडभाऊ सकाळी कामावर आले की आधी आपली साखर सांगायचे आणि मग 'जय भीम' म्हणायचे. "लय चढलीय! आज माझ्या वाटंला जाऊ नका," असं दारातूनच ओरडायचे. साखर ताळ्यावर असली तर सगळ्यांना त्यांच्याकडून चहा मिळायचा, बिनसाखरेचा. त्या चहापेक्षा त्यांच्या शिव्या बऱ्या, असं आमचं मत होतं.

खोपोलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, डिस्पॅचला, आम्ही तिघं. कुठला माल कुठल्या टेंपोत चढवायचा, त्याचे कागद काढायचे, हे आमचं काम. भाऊ पोशीरचे, रिटायरमेंटला टेकलेले. मी कडावचा. तिसरी प्रतीक्षा. ती नवीनच लागलेली, प्रोबेशनवर, दिवसभर कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसणारी.

भाऊंचा डायबेटिस तसा जुना. पूर्वी ते गोळी अशी गुपचूप गिळायचे की शेजारच्यालाही कळू नये. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. साखरेची जाहीर दवंडी सुरू झाली. टेबलावर चणे-भाकरीचा डबा आला. अकराच्या सुमाराला हातातलं काम टाकून ते खायला बसायचे, आणि आम्हालाही बसवायचे. "एकट्यानं खाल्लं की घशात आडकतं रं," म्हणायचे. प्रतीक्षा नको म्हणाली, तर भाकरीचा तुकडा सरळ तिच्या कीबोर्डवर.

आमच्या साने साहेबांच्या लेखी टेबलावर खाणं म्हणजे कंपनीवर दरोडा. एकदा त्यांनी भाऊंना तोंड भरलेलं असताना पकडलं.

"गायकवाड, ही काय खानावळ आहे?"

"नाय साहेब. खानावळीत चटणी देतात."

साहेब लालबुंद. भाऊंनी लगेच हात जोडले. "मी नाय बोलत हां साहेब, साखर बोलतेय."

हे त्यांचं हुकमी वाक्य. त्या साखरेच्या तोंडून त्यांनी साहेबांच्या टायपासून कँटीनच्या डाळीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घेतला. डायबेटिसचा इतका फायदा उठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग टेंपोचं प्रकरण झालं. नाशिकचा माल नागपूरला गेला. नाशिकचा व्यापारी फोनवर बोंबलत होता आणि नागपूरचा, न मागितलेला गुलाबी रंग बघून, त्याहून मोठ्यानं बोंबलत होता. साने साहेब तरातरा आले. "कागद कुणी काढला?"

प्रतीक्षा उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाले, "मी काढला. पोरगी पाणी प्यायला गेलती, मी तिच्या मशीनवर बसलो. साखर उतरली हो साहेब, डोळ्यांपुढं अंधारी आली. नाशिक काय नि नागपूर काय, दोन्ही 'ना'च."

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये नेलं. दार लावायचं भान साहेबांना राहिलं नव्हतं, त्यामुळे आमची सोय झाली.

"तुमच्या आजारापायी कंपनीने काय काय सोसायचं? उद्यापासून गेटवर बसा!"

"बसवा की. पन माझ्या जागी जो येईल त्याचीबी उतरंल. कारखान्यात साखरवाले काय कमी हायत? साहेब, तुमी हिशेबातले. आमी खायाला घेतलेली धा मिनिटं महाग, का नागपुरावरनं परत आनलेला टेंपो महाग?"

आतून कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज आला. साहेब हिशेबातलेच होते.

भाऊंना मेमो मिळाला आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. पण आठवड्याभरात नोटीस लागली, की अकरा वाजता सगळ्यांना थोडी खायची सुट्टी, आणि टेबलावर डबा चालेल. नोटिशीची भाषा अशी, की ही कल्पना साहेबांना पहाटे ध्यानात बसल्यावर सुचली असावी. पुढे चुकीचा माल जाणं कमी झालं, तेव्हा साहेबांनी वरच्या मीटिंगमध्ये त्याचा आलेखही दाखवला.

काही महिन्यांनी प्रतीक्षा कायम झाली. त्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "दादा, नागपूरचा कागद मी काढला होता."

तिला शाळेत असल्यापासून डायबेटिस. रोजचं इन्सुलिन. इथे लागल्यावर ती बाथरूममध्ये लपून सुई टोचायची आणि साहेबांच्या धाकानं वेळेवर खायची नाही. दिवाळीनंतर एकदा ड्रमांमागे घेरी येऊन बसली होती. भाऊंनी पाहिलं, कँटीनमधून साखर आणून चारली. "काकांच्या पाया पडले, कुणाला सांगू नका म्हटलं. कळलं तर मला कायम करणार नाहीत. त्यांनी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचंच ओरडत सुटले."

मी भाऊंना गाठलं. ते ओशाळले. चोरी पकडल्यासारखं इकडेतिकडे बघू लागले.

"पोरगी लाजत व्हती रं," ते म्हणाले. "म्हटलं, आपन इतकं बोंबलावं की तिचं कुनाला ऐकूच जानार नाय."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत प्रतीक्षानं पहिल्यांदाच आमच्यासमोर टेबलावर इन्सुलिनचं पेन काढलं. भाऊंनी गर्रकन तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटले. साहेबांना न घाबरणारा हा माणूस सुईला घाबरत होता. घरी बोट टोचतानाही म्हणे बायकोनं टोचायचं आणि यांनी भिंतीकडे बघायचं.

"झालं का गं?"

"झालं, काका."

"सुई आत ठेवलीस?"

"ठेवली."

तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसंच चाचपडत टेबलावरून हात फिरवला, स्वतःच्या डब्यातली भाजी सापडली, ती तिच्याकडे सरकवली.

"मग जेव," ते म्हणाले. "बघत काय बसलीयस."